बाबांच्या वाट्याची बाटली

त्या रविवारी बाबा पोह्यांची प्लेट हातात घेऊन उभ्याउभ्याच पॅलेडियमबद्दल बोलायला लागले, तेव्हा मधुराने शेवेचा डबा त्यांच्यापुढे सरकवला आणि आधी बसून खा म्हणाली. पोह्यांवर शेव किती घालावी याबद्दल प्रभाकर पोतनिसांचं मत ठाम होतं: पोहे दिसता कामा नयेत. डॉक्टरांचं मत वेगळं होतं. पण उज्जैनच्या नानाखेड्यातल्या त्या घरात रविवारी डॉक्टरांचं कुणी ऐकत नसे.

रविवार हा बापलेकीचा कामाचा दिवस. एरवी मधुरा विद्यापीठात तास घ्यायची, पेपर तपासायची, बैठकांना बसायची. रविवारी रसायनशास्त्राची इमारत रिकामी असे आणि दोघं स्कूटरवरून कोठी रोडने तिकडे जात. बाबांनी सरकारी कॉलेजात जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं होतं. संशोधन करायची हौस दांडगी, पण त्या काळात कॉलेजकडे धड तराजू नव्हता. निवृत्तीनंतर मुलीच्या प्रयोगशाळेत त्यांना कुठलंही पद नव्हतं आणि कुणी ते विचारतही नव्हतं. अर्धा विभाग त्यांच्याच हाताखाली शिकलेला होता. शिपाईसुद्धा त्यांना पाहून उठून उभा राहायचा.

मधुराचं काम सांगायला सोपं होतं, करायला महाकठीण. ग्राफाइटचे पापुद्रे सोडवत सोडवत एकेका अणूइतके पातळ करायचे. त्यांना जागोजाग ऑक्सिजन चिकटवला की ते पाण्यात मिसळून राहतात. त्याला म्हणतात ग्राफीन ऑक्साइड. मग त्या पापुद्र्यांवर पॅलेडियम या धातूचे कण बसवायचे. धातू महाग, म्हणून कण जितके बारीक आणि जितके विखुरलेले तितके चांगले, कारण सगळी रासायनिक करामत कणाच्या पृष्ठभागावर चालते. गठ्ठ्याच्या पोटात अडकलेला धातू फुकट जातो. असा उत्प्रेरक जमला, तर भैरवगडच्या कापड-छपाईवाल्यांकडून नदीकडे वाहत जाणाऱ्या पाण्यातला रंग तोडता येईल का, हे तिला पाहायचं होतं. तिथल्या एका कारखान्यातून आणलेल्या लालभडक पाण्याचे कॅन कपाटाखाली रांगेने उभे होते. कण मात्र विखरून राहायला तयार नव्हते. काहीही करा, ते एकमेकांना शोधून काढायचे आणि ढीग करून बसायचे.

बाबा ग्राफीनला काजळी म्हणत. "तुझी काजळी आज काय म्हणते?" असं विचारतच ते आत शिरायचे.

त्या रविवारी त्यांच्या डोक्यात एक कल्पना होती आणि ती मधुराला पटत नव्हती. पाण्यात विरघळलेल्या पॅलेडियमच्या क्षारातून धातूचे कण काढायला ती बोरोहायड्राइड नावाचं रसायन वापरायची. ते घातलं की काम झटकन होतं, पाणी क्षणात काळं पडतं. बाबांचं म्हणणं, ही घाईच नडते. एवढे सगळे कण एका दमात जन्माला घातलेस तर ते जागा धरायच्या आधी एकमेकांनाच धरणार. पॅलेडियमच्या क्षाराला धातू व्हायला जे इलेक्ट्रॉन हवे असतात, ते थोडेफार काजळीकडेच आहेत. वरून काही घालू नकोस. बर्फात ठेव, थेंबाथेंबाने घाल आणि सोडून दे त्याला.

मधुराने त्यांना सांगितलं की असं करून पाहिलेले लोक आहेत, पण त्यात धातू फार कमी बसतो, आणि मंगळवारी इंदूरला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची वेळ मिळाली आहे, ती चुकली की पुन्हा महिना गेला. बाबा म्हणाले की धातू कमी बसला तर बसू दे, नीट तर बसेल. वाद बराच चालला. शेवटी निम्मं निम्मं ठरलं. निम्म्यात तिचं बोरोहायड्राइड, निम्मं बाबांच्या वाट्याचं.

बाबा बर्फाच्या भांड्याजवळ स्टूल ओढून बसले आणि पिपेटने थेंब सोडू लागले. त्यांचा हात हल्ली थोडा थरथरायचा, पण पिपेट धरली की थांबायचा. मग ते मान वर न करता म्हणाले,

"बंगलोरला काय कळवलंस?"

बंगलोरच्या जुन्या सरांचं पत्र आठवड्यापूर्वीच आलं होतं. मोठी प्रयोगशाळा, स्वतंत्र गट, यंत्रं दाराशी. महिनाअखेरपर्यंत उत्तर हवं होतं. आई आजारी पडली तेव्हा मधुरा तिथलं काम सोडून उज्जैनला आली होती. आई गेली, आणि ती परत गेली नाही. इथे नोकरी धरली. का धरली, हे तिला कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांनी ते आपापलं ठरवून टाकलं होतं.

ही बॅच झाली की बघते, असं ती म्हणाली.

"बॅच होतच राहतात. तू हो म्हणून टाक. इथे काय आहे तुला? कण पाहायचे तर इंदूरला धाव. माझ्यामुळे अडकलीस, मधू. हे मला कळत नाही असं समजू नकोस."

असं ते पहिल्यांदाच बोलत होते असं नाही. गठ्ठे झाले, वीज गेली, रसायन वेळेवर आलं नाही की फिरून फिरून त्यांची गाडी इथेच यायची. आणि दर वेळी मधुरा जे करायची तेच तिने आजही केलं.

"बाबा, पीएच बघा."

त्यांनी पाहिला. "साडेचार," म्हणाले, आणि पुढचा थेंब सोडला.

संध्याकाळी कळलं की इमारतीची वीज दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंद राहणार, म्हणजे फ्रिजही बंद. बाबांनी आपली बाटली थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून घरी आणली आणि घरच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या मागे ठेवली. घरच्या फ्रिजमध्ये प्रयोगशाळेतलं काही ठेवू नये, हा नियम त्यांनी स्वतः शेकडो पोरांना शिकवला होता. मधुराने आठवण करून दिली. त्यावर त्यांनी बाटलीला मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: 'औषध नाही. पिऊ नये.' आणि खाली सही केली, जणू त्याने सगळं नियमात बसलं.

सोमवारी सकाळी ते फिरायला जायला निघाले होते. मधुराने चहाचं आधण ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीत त्यांनी बूट चढवायला घेतला, एक चढवला, आणि दुसऱ्याकडे वाकले ते तसेच राहिले. तिने चहा होतोय असं ओरडून सांगितलं, त्याला उत्तर आलं नाही. शेजारचे मेहता भाऊसाहेब गाडी काढून आले, दवाखाना फार लांब नव्हता, पण तिथल्या डॉक्टरांना करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

दुपारी पुण्याहून आल्हाद आला, मधुराचा धाकटा भाऊ. गावातल्याच माधवनगरहून सुलू आत्या तर सकाळीच आली होती, ती राहायच्या तयारीनेच. सुलू आत्या बाबांची धाकटी बहीण. बँकेतून निवृत्त झालेली, नवरा गेल्यापासून एकटी राहणारी आणि तरीही कुणाच्या घरात काही घडलं की पदर खोचून सगळं ताब्यात घेणारी. बाबांना नेल्यावर घरात साठवलेलं पाणी, शिजवलेलं अन्न सगळं टाकून द्यायचं असतं. आत्याने हंडे-कळशा ओतल्या, पातेली रिकामी केली, घर धुऊन काढलं. मधुरा एका कोपऱ्यात बसून होती. तिला ते सगळं काचेच्या पलीकडे चाललंय असं वाटत होतं.

दोन दिवसांनी दूध काढायला तिने फ्रिज उघडला. दुधाच्या मागे काही नव्हतं.

बाटली ओट्याशेजारी उपडी घातलेली होती, लख्ख घासलेली. चिठ्ठी भिजून निघून गेली होती. मधुरा ती हातात घेऊन उभी राहिली, मग तिने ती होती तशी परत उपडी ठेवली आणि दूध तापवलं. मंगळवारची इंदूरची वेळ तर आपोआपच गेली होती.

भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. बाबांचे विद्यार्थी यायचे, कॉलनीतली माणसं यायची, तराण्याहून, देवासहून नातेवाईक यायचे. प्रत्येक जण बाबांबद्दल चांगलं बोलायचा आणि उठताना मधुराचा हात हातात घेऊन जवळजवळ एकच गोष्ट सांगायचा. फार केलंस हो त्यांचं. आता स्वतःकडे बघ. एका बाईंनी तर सरळच सांगितलं की बेटा, अब तू मोकळी झालीस. मधुरा हात जोडायची. पण प्रत्येक वेळी तिला वाटायचं की ही माणसं बाबांना नकळत एक ओझं करून टाकताहेत, जे आता कुणीतरी तिच्या डोक्यावरून उतरवून ठेवलं आहे. आणि बाबा स्वतःसुद्धा तसंच समजत गेले, हे त्यातलं सर्वांत वाईट होतं.

तेराव्यानंतर आल्हाद निघाला. निघताना त्याने बंगलोरचा विषय काढला. घर बंद ठेवता येईल, त्याची काळजी तू करू नकोस, म्हणाला. त्याच्या बोलण्यात माया होती. बाबांना हेच हवं होतं ना ताई, असंही म्हणाला. महिनाअखेर जवळ आली होती. मधुरा म्हणाली, कळवते.

तो गेल्यावर आत्या ओट्यापाशी आली. ती बाटली अजून तिथेच होती.

"ही कसली गं? रोज बघते, तू हिच्याकडे बघत असतेस. काढा होता का भय्याचा?"

मधुराने टाळायचा प्रयत्न केला. पण सुलू आत्याने आयुष्यभर काउंटरपलीकडच्या माणसांकडून खरी गोष्ट काढून घेतली होती. शेवटी मधुराने सांगितलं: त्यात काय होतं, कुणी केलं होतं आणि कधी. बाबांनी हाताने केलेलं ते शेवटचं काम होतं, हे ती म्हणाली नाही. म्हणायची गरजही नव्हती.

आत्या खुर्चीवर बसली. "चिठ्ठी वाचली होती मी," ती म्हणाली. "पिऊ नये लिहिलंय, घरात एवढी माणसं, दोन लहान पोरं. म्हटलं, कुणी तोंडाला लावलं तर? ओतून टाकलं. भय्याचंच अक्षर होतं गं. अक्षर पण ओळखलं मी."

मधुराने तिला सांगितलं की तू बरोबरच केलंस, मी तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं, आणि ती बाटली मुळात फ्रिजमध्ये ठेवायचीच नव्हती. हे सगळं खरं होतं. आत्याने ऐकून घेतलं आणि त्या दिवशी ती फार बोलली नाही. सुलू आत्या गप्प आहे म्हणताना शेजारच्या मेहता भाभींनी दोनदा येऊन चौकशी केली.

पुढच्या रविवारी सकाळी मधुरा एकटीच प्रयोगशाळेचं कुलूप काढून आत बसली होती, तर दारात आत्या उभी. माधवनगरहून ई-रिक्षाने आली होती. हातात पिशवी, पिशवीत डबा.

"मी काय ओतलं ते मला दाखव," म्हणाली. "पुन्हा कर. मी इथे बसून राहीन."

मधुराने तिला नऊवारीइतका घोळदार झालेला पांढरा अॅप्रन चढवला, चष्म्यावर चष्मा घातला आणि डबा बाहेर ठेवायला लावला. आत्याने बघायला आरसा मागितला. आरसा नव्हता. बरंच आहे, ती म्हणाली, नाहीतर आल्या पावली घरी परत गेले असते.

ग्राफीन ऑक्साइडची बाटली मधुराने उजेडात धरली. मधासारखं पिवळट तपकिरी पाणी. ती आत्याला सांगू लागली: यात कागदाहून कितीतरी पातळ पापुद्रे आहेत, ते वेगवेगळे राहावेत म्हणून आधी या यंत्रात हलवायचे. हे सुकू द्यायचं नाही. सुकलं की एकावर एक चढून बसतात आणि पुन्हा सुटत नाहीत. ओले पापड एकावर एक टाकल्यासारखं का, आत्याने विचारलं. साधारण तसंच, मधुरा म्हणाली. आणि मग धातू आत शिरायला जागाच उरत नाही. आत्याने मान हलवली. मग धातूंच्या कणांचा गठ्ठा का होतो, हे मधुराने सांगितलं, तेव्हा आत्याला साबुदाण्याची खिचडी आठवली. पाणी चुकलं आणि घाई केली की सगळा गोळा. सुटा राहायचा तर थोडक्या पाण्यात तासन्‌तास झाकून ठेवायचा आणि त्याच्यामागे लागायचं नाही.

"साबुदाणा एकमेकांना ओढत नाही आत्या. हे ओढतात."

"मग तुझं काम जास्त कठीण," आत्याने उदारपणे मान्य केलं.

बर्फाचं भांडं तयार झालं. मधुरा स्टुलावर बसली आणि तिने पिपेटने थेंब सोडायला सुरुवात केली. पॅलेडियमचा क्षार फिक्या चहाच्या रंगाचा. थेंब पडायचा, पसरायचा, दिसेनासा व्हायचा. बोरोहायड्राइडची बाटली तिने कपाटातून काढलीच नव्हती. बाबांची कल्पना चालेल की नाही, तिला माहीत नव्हतं. अजूनही तिला वाटत होतं की धातू फार कमी बसेल. हे त्यांना सांगून त्यांच्याशी भांडावं, असं इतकं मनातून वाटलं की तिला क्षणभर थांबावं लागलं.

आत्या इकडेतिकडे बघत होती. कपाटाखालचे लाल पाण्याचे कॅन, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर, खिडकीबाहेरचा कडुनिंब. मग म्हणाली,

"त्या रविवारी संध्याकाळी भय्याचा फोन आला होता मला. तुला सांगितलं नाही मी."

मधुराचा हात थांबला नाही.

"बराच वेळ बोलला. म्हणाला, सुलू, मधूचं मी नुकसान केलं. इतकी हुशार पोर, माझ्यापायी इथे सडली. तिला सांगून थकलो, ती पीएच बघा म्हणते. तू समजव तिला, तुझं ऐकेल. मी म्हटलं, बघते. आणि दुसऱ्याच दिवशी..." आत्याने चष्मा वर करून डोळे पुसले. "त्याचा जीव तेवढ्यातच होता गं. म्हणून सांगते. बाटली तर मी घालवली, ती काही परत येत नाही. पण ही एक गोष्ट आपल्या हातात आहे. तू हो म्हणून कळव. म्हणजे तो सुटेल."

थेंब पडला. मधुराने पिपेट बाजूला ठेवली. त्यांच्या घरात असलं काही बोलायची रीतच नव्हती. आईचं आजारपणसुद्धा बाबांनी रक्ताच्या रिपोर्टांतल्या आकड्यांतून सांगितलं होतं. प्रेम, दुःख, काळजी, जे असेल ते कामाच्या आडून बोलायचं आणि समोरच्याने ते समजून घ्यायचं. तिला वाटत आलं होतं की बाबा समजून घेतात. दर रविवारी स्कूटर काढताना, वाद घालताना, हरताना, जिंकताना त्यांना ते समोर दिसतच असेल. त्यांना ते दिसलं नव्हतं. जातानासुद्धा ते चुकीचंच उत्तर सोबत घेऊन गेले होते.

"बंगलोरला मी नाही म्हणून कळवणार आहे," ती म्हणाली.

आत्या काही बोलायला गेली, पण मधुराने हात वर केला.

"मी आईसाठी आले होते, ते खरं आहे. पण राहिले ती बाबांसाठी नाही, आत्या. तिथे माझ्याकडे सगळी यंत्रं होती. मी सकाळी जायची, मला नेमून दिलेला तुकडा करायची आणि परत यायची. माझ्या प्रयोगाचा गठ्ठा झाला तर कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. आई गेल्यावर एका रविवारी बाबा असेच माझ्याबरोबर इथे आले, वेळ जावा म्हणून. माझी बॅच बिघडली होती. ते दिवसभर इथे बसून विचारत राहिले, हे असं का झालं असेल. मूर्खासारखे प्रश्न विचारत होते आणि मधेच एखादा असा विचारला की मला रात्री झोप आली नाही. मला आयुष्यात तसं कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशीच मी ठरवलं होतं की मी जायची नाही. मला हवं होतं म्हणून राहिले मी. माझ्या स्वार्थासाठी."

आत्याने विचारलं, "मग त्याला सांगितलं का नाहीस गं?"

"मला वाटायचं, त्यांना माहीत आहे."

खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि बर्फ कडेने वितळायला लागला होता. मधुराने पिपेट पुन्हा उचलली, थेंब सोडला, तो विरघळेपर्यंत पाहिला. मग तिने मान वर केली. समोर आत्या होती, पण ती आत्याशी बोलत नव्हती. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता, फक्त थोडा मोठा, पलीकडच्या टेबलाशी काम करणाऱ्या माणसाला ऐकू जावं इतका.

"बाबा, मी अडकले नव्हते," ती म्हणाली. "मी इथे तुमच्याबरोबर फार सुखात होते."